एसजीपीटी नॉर्मल, प्लेटलेट कमी: मार्केट यार्डातल्या एका दिवाणजींचं प्रकरण

सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात हळदीची एक अडत आहे. तिथले दिवाणजी माझे जुने पेशंट. हे प्रकरण सुरू झालं तेव्हा त्यांचं वय ५४ होतं. गळ्यात तुळशीची माळ, दारूला आणि मटणाला आयुष्यात शिवलेले नाहीत. मधुमेह ११ वर्षांचा. वजन ७८ किलो, उंची १६३ सेंटिमीटर, पोटाचा घेर १०४. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सप्टेंबर २०२३ मध्ये ते तीन दिवसांच्या तापाने आले. प्लेटलेट ८८ हजार. पावसाळा सरताना असा कागद हातात असला की निदान डॉक्टरच्या आधी पेशंटच करून आलेला असतो. "डेंगी हाय साहेब. किवी चालू केलंय, पपईच्या पानाचा रस पण घेतोय." तपासणीत डेंगीचं काहीच निघालं नाही, ताप चौथ्या दिवशी उतरला, आणि मी प्लेटलेट चार आठवड्यांनी पुन्हा करायला सांगितल्या. तापात त्या कुणाच्याही घसरू शकतात, तेव्हा त्या आकड्यावरून काही ठरवायचं नसतं.

चार आठवड्यांनी आकडा आला १ लाख १२ हजार. ताप नाही, अंगावर डाग नाहीत, माणूस रोज सायकलवरून अडतीला जातोय. नळीत प्लेटलेटचे गोळे झाले की यंत्र कमी मोजतं, म्हणून लॅबला काचपट्टीवर डोळ्यांनी बघायला सांगितलं. गोळे नव्हते. आकडा खरा होता.

मग त्यांची फाईल उघडली. दिवाणजींची फाईल म्हणजे दिवाणजींचीच: प्रत्येक रिपोर्ट तारखेवार, छिद्र पाडून, सुतळीत ओवलेला. मी पानं उलटत टेबलावरच्या कागदावर यकृताच्या चाचण्यांचे आणि प्लेटलेटचे आकडे उतरवत गेलो.

२०१६: एसजीपीटी ९६, एसजीओटी ५८, प्लेटलेट २ लाख ३१ हजार
२०१९: एसजीपीटी ७१, एसजीओटी ५५, प्लेटलेट १ लाख ७८ हजार
२०२१: एसजीपीटी ४९, एसजीओटी ५४, प्लेटलेट १ लाख ४६ हजार
२०२३: एसजीपीटी ३४, एसजीओटी ५२, प्लेटलेट १ लाख १२ हजार

२०२१ च्या रिपोर्टवर निळ्या शाईत शेरा होता: "लिव्हर सुधारतंय. हेच चालू ठेवा." अक्षर माझंच.

पहिला स्तंभ वरून खाली वाचला तर तो शेरा बरोबर वाटतो. ९६ वरून ३४. लॅबच्या छापील मर्यादेत, ठळक अक्षर नाही, बाण नाही. पण हे एसजीपीटी म्हणजे आहे काय? ते यकृताच्या पेशीच्या आत काम करणारं एंझाइम. पेशीला इजा झाली, ती फुटली किंवा तिचं आवरण गळकं झालं, की ते रक्तात सांडतं. म्हणजे हा आकडा मोडतोडीचा आहे. यकृत काम कसं करतं, किती उरलंय, यातलं तो काहीच सांगत नाही. "लिव्हर फंक्शन टेस्ट" या नावाने आपण तो छापतो, त्या नावानेच निम्मा घोटाळा केलाय.

मोडतोडीचा आकडा दोन कारणांनी उतरतो. एक, मोडतोड थांबली. दुसरं, मोडायला फारसं उरलंच नाही. वर्षानुवर्षं चरबीने आणि दाहाने पेशी मरत गेल्या, त्यांच्या जागी चिवट तंतू भरत गेले, की रोज मरणाऱ्या पेशींची संख्याही घटते. सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत असं तंतूंनी भरून कडक होतं तेव्हा, एसजीपीटी नॉर्मल असणं ही नवलाई नाही, नेहमीची गोष्ट आहे. त्यातही छापील मर्यादा ढिली असते. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये पुरुषांसाठी निरोगी एसजीपीटीची वरची हद्द २९ ते ३३ धरली. आपल्याकडच्या बऱ्याच रिपोर्टांवर ४५ किंवा त्याहून जास्त छापलेलं असतं.

एसजीओटी मात्र ५८ वरून ५२, म्हणजे जवळपास जागेवरच. हे एंझाइम पेशीद्रवात असतं तसं मायटोकाँड्रियातही असतं, आणि रक्तातून ते उचलून नेण्याचं काम यकृतच करतं. यकृतात तंतू माजले की ही उचल मंदावते. त्यामुळे एसजीपीटी खाली जातं, एसजीओटी रेंगाळतं आणि दोघांचं गुणोत्तर एकाच्या वर चढतं. इटलीच्या डे रितिस यांनी १९५७ मध्येच या गुणोत्तराकडे बोट दाखवलं होतं. दिवाणजींच्या बाबतीत ते २०२१ मध्ये उलटलं आणि मी शेरा मारून मोकळा झालो. (एसजीओटी स्नायूंत आणि तांबड्या पेशींतही असतं. पोती वाहणाऱ्या हमालाचं ते वाढलेलं दिसू शकतं, आणि मोटरसायकलच्या डिकीत हिंदकळत आलेल्या नमुन्यातही. म्हणून ५२ चा आकडा मी ताज्या नमुन्यावर पुन्हा करून घेतला.)

प्लेटलेटचं गणित वेगळं. यकृत कडक झालं की आतड्याकडून येणारं रक्त अडतं, पाट अडल्यावर मागे पाणी तुंबावं तसा दाब मागे साठतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून बसतात. शिवाय प्लेटलेट तयार करा म्हणून हाडांतल्या मगजाला सांगणारं संप्रेरक मुख्यतः यकृतातच बनतं. तेही घटतं.

हे सगळं जोडणारं एक साधं सूत्र आहे, फिब-४. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. १.३ च्या खाली असेल तर तंतू फारसे नसावेत, २.६७ च्या वर असेल तर पुढची तपासणी लगेच. पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा २ धरतात. या सूत्रात एसजीपीटी भाजकात बसलंय. ते कमी झालं की धोक्याचा आकडा वाढतो! मोबाईलवर हिशेब केला: २०१६ मध्ये १.२०, २०१९ मध्ये १.८३, २०२१ मध्ये २.७५, आणि आता ४.३०. ज्या दिवशी मी "सुधारतंय" लिहिलं त्या दिवशी ते वरची रेघ ओलांडून गेले होते.

पुढचं पटपट झालं. हिपॅटायटिस बी आणि सी नाही. लोहसाठा, प्रतिकारशक्तीच्या उलट्या प्रतिक्रियेचे आजार, यांत काही सापडलं नाही. सोनोग्राफीत यकृताचा पृष्ठभाग खडबडीत, प्लीहा १४.२ सेंटिमीटर. फायब्रोस्कॅनवर कडकपणा १९.६ किलोपास्कल, निरोगी यकृत साधारण ७ च्या आत असतं. अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन) ३.४, बिलिरुबिन (काविळीचं रंगद्रव्य) १.३, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.२, पोटात पाणी नाही. सिरोसिस किती पुढे गेलाय ते सांगणाऱ्या चाइल्ड-प्यूच्या मोजपट्टीवर ६ गुण, म्हणजे ए वर्ग, तिघांतला सौम्य. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असल्यामुळे दुर्बिणीची तपासणी टाळता येत नव्हती. अन्ननलिकेत बारीक फुगलेल्या शिरा दिसल्या. त्या शिरांतला दाब उतरवणारं कार्व्हेडिलॉल सुरू केलं. सुईने तुकडा काढून तपासायची गरज वाटली नाही; इतकं सगळं एकाच दिशेला बोट दाखवत असताना त्यातून निर्णय बदलणार नव्हता. निदान: मधुमेह आणि पोटाभोवतीच्या चरबीतून आलेला सिरोसिस. या चरबीच्या आजाराचं इंग्रजी नाव २०२३ मध्ये बदललं आणि त्यातून "अल्कोहोल" हा शब्द निघून गेला.

नावातून निघाला तरी लोकांच्या तोंडून कुठला निघायला. सिरोसिस म्हटल्यावर वहिनींचा चेहरा उतरला तो आजारापेक्षा त्या शब्दाने. "ह्यांनी कधी वासपण घेतला नाही हो. भावकीत काय सांगू?" दिंडीतल्या एका सोबत्याने तर थेट विचारलं होतं, माळ काढून ठेवून कुठे बसता म्हणून. दिवाणजींना ते फार लागलं. एका कागदावर "हा आजार मद्यपानामुळे झालेला नाही" असं लिहून त्यावर मी सही-शिक्का केला. वैद्यकीयदृष्ट्या तो कागद निरर्थक आहे. पण त्यांनी तो घडी घालून पाकिटात ठेवला आणि अजून तिथेच आहे.

त्यांना खरी अडचण पडली ती ३४ च्या आकड्याची. "नॉर्मल हाय म्हंता आणि लिव्हर गेलाय बी म्हंता. हे जुळंना साहेब." मी पेशी, एंझाइम, तंतू सगळं सांगून पाहिलं. ते ऐकत होते, पण नजर फाईलवरच. मग स्वतःच म्हणाले, "म्हंजे रोजकीर्दीत खर्च कमी दिसतोय, कारण गल्ल्यातच काय उरलं नाही. शिल्लक न बघता खर्चाचं पान बघून खूश झालो आपण." त्या "आपण"मध्ये त्यांनी मलाही धरलं होतं.

इतक्या वर्षांत याहून नेमकं मी काही ऐकलेलं नाही.

मुलगा पुण्यात नोकरी करतो. त्याने रात्री फोन केला. वाचून तयार होता. "डॉक्टर, पेशी मरतात ते थेट मोजणारी एम३० नावाची टेस्ट आहे म्हणे. ती का नाही करायची?"

प्रश्न चांगला होता, म्हणून उत्तर सविस्तर दिलं. पेशी दोन तऱ्हेने मरतात. एक ठरवून: पेशी आपणच आतलं सामान नीट कापून, बांधून आवरतं घेते. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी या मरणाला ग्रीकमधला पानगळीचा शब्द दिला, अपॉप्टोसिस. दुसरी तऱ्हा अपघाताची: पेशी सुजते, फुटते, आतलं सगळं बाहेर. एसजीपीटीला या दोन्हींतला फरक कळत नाही. केराटिन-१८ ला कळतो. हे प्रथिन यकृताच्या पेशीच्या आतल्या सांगाड्याचा भाग. पेशी ठरवून मरते तेव्हा कॅस्पेज नावाची एंझाइमं हा सांगाडा ठरलेल्या जागी कापतात. त्यातली एक जागा म्हणजे साखळीतला ३९६ वा दुवा. तिथे कापल्यावर जे नवं टोक उघडं पडतं, फक्त त्यालाच एम३० हे प्रतिपिंड चिकटतं. एम६५ नावाचं दुसरं प्रतिपिंड कापलेलं आणि अख्खं, दोन्ही केराटिन धरतं.

फडातला ऊस डोळ्यांपुढे आणा. कोयत्याने तोडलेल्या उसाचं टोक स्वच्छ असतं, वादळात मोडलेल्याचं पिंजलेलं. एम३० फक्त कोयत्याचे घाव मोजतं. एम६५ आडवा झालेला प्रत्येक ऊस मोजतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की फडात तोडणी जास्त झाली की पडझड, याचा अंदाज येतो. चरबीच्या आजारात नुसती चरबी आणि दाहासकट चरबी यांत एम३० ने फरक दिसतो, हे २००६ मध्ये विएकोव्स्का आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. सिरोसिसचा पेशंट एकाएकी ढासळतो तेव्हाही हे आकडे चढतात. यकृतात भरपूर असलेला मायक्रोआरएनए-१२२, केंद्रकातून सांडणारं एचएमजीबी१, मायटोकाँड्रियातलं जीएलडीएच, अशी आणखीही मंडळी रांगेत आहेत.

मग का नाही केली? पहिलं कारण, ही अजून मुख्यतः संशोधनाची चाचणी आहे. नेहमीच्या लॅबच्या दरपत्रकात ती नसते आणि अमुक आकड्याच्या वर अमुक करा अशी सर्वमान्य रेघ नाही. दुसरं, केराटिन-१८ आतडं, फुप्फुस, मूत्रपिंड इथल्या पेशींतही असतं. मोठा जंतुसंसर्ग किंवा कर्करोग असला तरी चढतं. तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. एम३० हीसुद्धा रोजकीर्दच आहे. एसजीपीटीपेक्षा बारकाईने लिहिलेली, खर्च कशावर झाला तेही सांगणारी, पण रोजकीर्दच. दिवाणजींच्या बाबतीत मला शिल्लक कळायला हवी होती, आणि ती प्लेटलेट, अल्ब्युमिन, आयएनआर आणि फायब्रोस्कॅनने सांगितली होती.

मुलाला एमरिकासनची हकीकतही सांगितली. हे औषध कॅस्पेजांचा कोयताच धरून ठेवतं. तर्क असा की पेशी मरणं थांबलं की यकृत सावरेल. ३१८ पेशंटवर ७२ आठवडे चाचणी झाली, निष्कर्ष २०२० मध्ये छापून आले. कॅस्पेजचं काम मंदावलं, सुरुवातीला एसजीपीटी उतरलं. आणि तुकडा तपासला तेव्हा यकृत सुधारलेलं नव्हतं. तंतू आणि पेशींची सूज काही जणांत वाढली असण्याचीच शंका आली. ठरवून मरण्याचा रस्ता बंद केल्यावर पेशी दुसऱ्या रस्त्याने मरत असाव्यात, असा अंदाज संशोधकांनी मांडला. मुलगा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आकडा सुधारला आणि माणूस नाही." मी म्हटलं, तुझे वडील हेच अडतीच्या भाषेत बोलून गेलेत.

इथवर प्रकरण लिहायला घेतलं असतं तर ते नीटनेटकं झालं असतं. वजन ७८ वरून ७३ वर आलं, साखर ताब्यात आली, दर सहा महिन्यांची सोनोग्राफी ठरली. गुडघे दुखतात म्हणून ते अधूनमधून दुखण्याच्या गोळ्या घेत. त्या मी बंद केल्या, कारण सिरोसिसमध्ये त्यांनी मूत्रपिंड बिघडतं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. बंद केल्या खऱ्या, पण गुडघ्यांचं काय करायचं ते मी पुरेसं सांगितलं नाही. कमी मात्रेत पॅरासिटामॉल चालतं एवढं म्हणालो, आणि ते "लिव्हरला वाईट" असं त्यांनी कुठेतरी ऐकलेलं होतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये वहिनी त्यांना रिक्षातून घेऊन आल्या. डोळे पिवळे, लघवी चहासारखी. बिलिरुबिन ६.१, एसजीपीटी ६१२, एसजीओटी ५४८, आयएनआर १.५, अल्ब्युमिन २.९, सोनोग्राफीत पोटात थोडं पाणी. ए वर्गातला माणूस बी वर्गात. उरलेल्या थोड्या पेशींतून ६१२ सांडतायत, याचा अर्थ निरोगी माणसातल्या ६१२ पेक्षा फार वाईट होता. त्याच दिवशी मिरजेला दाखल केलं. पावसाळा म्हणून आधी हिपॅटायटिस ए आणि ई पाहिले, नव्हते. यकृताकडे जाणारी मुख्य शीर डॉप्लरवर मोकळी होती.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी पिशवीतून डबी काढली. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, एकीत ५०० मिलिग्रॅम, सोबत काळ्या मिरीचा अर्क. मे महिन्यापासून रोज दोन. गुडघ्यांसाठी. मी विचारलं, सांगितलं का नाही? दिवाणजी खरोखरच चकित झाले. "हळद हो साहेब. जन्म गेला हळदीत. औषध म्हणून काय सांगायचं?"

त्यांचं चूक नाही. ज्या गावाच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याच्या शेजारी हरिपूरला जमिनीत पेवं खणून हळद साठवत, तिथल्या माणसाने हळदीला भ्यायचं? पण डबीतली ती आमटीतली हळद नव्हे. हळदीच्या पुडीत वजनाच्या साधारण ३ टक्के कर्क्युमिन असतं, आणि त्यातलंही फार थोडं अंगात शोषलं जातं. अर्कात ते ९५ टक्क्यांपर्यंत नेलेलं असतं, आणि मिरीतलं पायपरिन शोषण कित्येक पटींनी वाढवतं. अमेरिकेत औषधांनी होणाऱ्या यकृतइजेची जी मोठी नोंद ठेवतात, तिच्यातल्या हळदीच्या १० प्रकरणांचा अभ्यास २०२२ मध्ये आला. १० पैकी ७ जणांत एचएलए-बी ३५:०१ हा एकच जनुकप्रकार निघाला. म्हणजे सगळ्यांना नाही, काही विशिष्ट माणसांनाच हा त्रास होतो. दिवाणजींची ती जनुकतपासणी आम्ही केली नाही. वेळेचा मेळ आणि इतर कारणं वगळली जाणं, यावरून "बहुधा हळदीच्या अर्कामुळे" असं लिहिलं. "बहुधा" काढून टाकायचा मोह टाळलाय.

कॅप्सूल बंद. सातव्या दिवशी एसजीपीटी ३८८, एसजीओटी २४१. मुलगा खूश, "उतरतंय." इथे हीच रोजकीर्द फार कामाची ठरते, फक्त वाचता यायला हवी. एसजीपीटीचं रक्तातलं अर्धायुष्य सुमारे ४७ तास, एसजीओटीचं १७. कॅप्सूल बंद केल्याच्या क्षणी पेशी मरणं थांबलं असतं तर सात दिवसांत ६१२ चे ५० च्या आसपास उरायला हवे होते. उरले ३८८. म्हणजे गळती मंदावली होती, थांबली नव्हती, आणि घरी सोडायची घाई करायची नव्हती. तीन आठवड्यांनी १४२, नवव्या आठवड्यात ३६. बिलिरुबिन उतरायला त्याहून वेळ लागला, पोटातलं पाणी गेलं. अल्ब्युमिन सहा महिन्यांनी ३.३ वर आलं. प्लेटलेट १ लाख ८ हजार, तिथेच आहेत.

पॅरासिटामॉल दिवसाला जास्तीत जास्त २ ग्रॅम, गुडघ्यांना शेक आणि मांडीचे व्यायाम, हे आता कागदावर लिहून दिलंय. फाईलच्या पहिल्या पानावर दिवाणजींनी स्वतः रकाने आखलेत: तारीख, वजन, प्लेटलेट, अल्ब्युमिन, सोनोग्राफी. एसजीपीटीला शेवटचा, अरुंद रकाना. पानाच्या माथ्यावर डाव्या बाजूला "शिल्लक" आणि उजव्या कोपऱ्यात बारीक "खर्च".

गेल्या खेपेला रक्तदाब १०४/६६ होता, कार्व्हेडिलॉलच्या मानाने ठीक. आषाढीला पंढरपूरला पायी जाऊ का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अर्धी वाट पायी, अर्धी गाडीतून. उपास अजिबात नाही, रात्री झोपण्याआधी मूठभर फुटाणे, आणि दिंडीत कुणी काढा दिला तर घ्यायचा नाही. काढ्याला ते नाखुशीने तयार झाले. एकादशीच्या उपासाबद्दल मात्र, "बघतो," एवढंच म्हणाले.